सत्तर उत्तरांपैकी सात: उमेदवारांच्या जाहीर चर्चेने केलेली निराशा

नवमतदार (धागाकर्ती)

यंदा मी पहिल्यांदाच मतदान करणार आहे. यादीत नाव आल्यापासून माझी एक भाबडी समजूत होती, की सगळे उमेदवार एका व्यासपीठावर आले आणि त्यांना एकच प्रश्न विचारला गेला, तर निवड बरीच सोपी होईल. प्रचारसभेत प्रत्येक जण आपल्याच माणसांपुढे बोलतो आणि तेथे खोडून काढणारे कोणी नसते. प्रतिस्पर्धी हाताच्या अंतरावर बसलेला असताना मात्र थाप मारणे जड जाईल, असा माझा हिशेब होता. गेल्या आठवड्यात आमच्या मतदारसंघातील पाचही उमेदवारांची अशी चर्चा झाली. अर्धा तास आधी जाऊन मी तिसऱ्या रांगेत जागा धरली. दोन तासांनी बाहेर पडले तेव्हा कोणाला मत द्यायचे हे तर कळले नव्हतेच, उलट जाताना ज्या एका नावाकडे मन झुकत होते तेही डळमळीत झाले होते.

मी वहीत तीन रकाने आखून नेले होते: प्रश्न काय होता, त्याचेच उत्तर मिळाले का, आणि उत्तरात आकडा, मुदत किंवा स्वच्छ हो-नाही होते का. १४ प्रश्न आणि ५ उमेदवार, म्हणजे ७० उत्तरे. प्रश्नाला धरून असलेली १९ निघाली आणि तिसऱ्या रकान्यात खूण करावी अशी फक्त ७. माझी मोजणी थोडी कडक असेल, पण दुप्पट उदार होऊन मोजले तरी चित्र फारसे बदलत नाही.

नववा प्रश्न माझाच होता. चिठ्ठ्यांच्या पेटीतून तो निघाला आणि संचालकांनी तो जसाच्या तसा वाचला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. रात्रीची शेवटची बस नऊला सुटते. आणखी एक फेरी दहा वाजता सोडायची तर वर्षाला किती खर्च येईल, त्यासाठी दुसरा कोणता खर्च कमी कराल, आणि हे करणार असाल तर कधीपर्यंत, असे मी विचारले होते. पहिल्या उमेदवारांनी आपण लहानपणी किती अंतर चालून शाळेत जात होतो ते सांगितले. दुसऱ्यांनी गेल्या पाच वर्षांत काय काय बिघडले त्याची यादी वाचली, जिच्यात बस नव्हती. तिसऱ्यांच्या दीड मिनिटात ‘सर्वंकष’ हा शब्द चार वेळा आला. मी रेघा मारून मोजला आहे. चौथे उमेदवार ध्वनिक्षेपकाजवळ वाकले आणि म्हणाले, “एका जादा फेरीचा वर्षाचा खर्च मला आत्ता माहीत नाही. माहिती घेऊन सांगतो.” एवढे बोलून ते मागे टेकून बसले. समोरच्या घड्याळात ८० सेकंद शिल्लक दिसत होते. सभागृह हसले. पाचव्या उमेदवारांनी आपली दीड मिनिटे अभ्यास न करता परीक्षेला बसणाऱ्यांची टिंगल करण्यात घालवली आणि त्या संध्याकाळची सर्वांत मोठी टाळी घेतली. बसचे नाव त्यांनीही काढले नाही.

हसणाऱ्यांत मीही होते. रात्री घरी वही उघडली तेव्हा चौथ्या उत्तरापुढे मी स्वतःच्या हाताने मारलेली फुली दिसली आणि ओशाळल्यासारखे झाले, कारण माझा प्रश्न काय होता हे ध्यानात घेऊन बोललेला तो एकच माणूस होता. पाचव्या उमेदवारांच्या टोमण्यापुढे मी काहीच खूण केली नव्हती; बहुधा तेव्हा टाळ्या वाजवत असेन.

चर्चा सुरू होण्यापूर्वी नियम वाचून दाखवले गेले. संचालक उपप्रश्न विचारणार नाहीत आणि उमेदवारही एकमेकांना प्रश्न विचारणार नाहीत, असे त्यांत होते. तेव्हा मला ते शिस्तीचे वाटले होते. आता वाटते, की सगळी गोम तेथेच होती: दीड मिनिट कसेही भरून काढले की सुटका. अशा चर्चा सगळीकडे अशाच होतात, की आमच्याच वाट्याला ही आली? जाणकारांनी सांगावे.

जुनेजाणते

आपण वही घेऊन गेलात याचे मला कौतुक वाटले. आमच्या तरुणपणी आम्ही फक्त घोषणा घेऊन जात असू.

अशा चर्चांचा मूळपुरुष म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या अमेरिकेतील लिंकन आणि डग्लस या सिनेटच्या उमेदवारांच्या १८५८ मधील सात चर्चांची रचना पाहण्यासारखी आहे. पहिला वक्ता एक तास बोले, दुसरा दीड तास, आणि मग पहिल्याला पुन्हा अर्धा तास मिळे. संचालक प्रश्न विचारत नसत. प्रतिस्पर्ध्याने मांडलेला मुद्दा हाच प्रश्न असे. त्या सातही चर्चा प्रामुख्याने गुलामगिरीच्या एकाच विषयाभोवती फिरल्या. तीन तास एकाच विषयावर बोलायचे म्हटल्यावर बालपणीची पायपीट कितीदा सांगणार? तुमच्या दोन तासांत १४ विषय होते, म्हणजे प्रत्येक विषयाच्या वाट्याला जेमतेम आठ-नऊ मिनिटे आणि तीही पाच जणांत वाटलेली. माझ्या मते उपप्रश्नाच्या अभावाइतकाच हा विषयांचा बुजबुजाटही दोषी आहे.

संशयात्मा

जुनेजाणते यांच्याबद्दल आदर राखून सांगतो, की १८५८ च्या त्या चर्चांवर इतका मुलामा चढवू नये. डग्लस यांनी श्रोत्यांच्या वंशद्वेषाला उघडउघड हात घातला होता आणि चार्ल्सटन येथील चर्चेत लिंकन यांनीही, गोऱ्या आणि काळ्या लोकांची सामाजिक व राजकीय समानता आपल्याला अभिप्रेत नाही, असे बोलून वेळ निभावून नेली. गर्दीतून आरडाओरडा होई, टोमणे मारले जात. शिवाय त्या वेळी सिनेटरची निवड राज्याचे विधिमंडळ करीत असे, त्यामुळे समोर उभ्या असलेल्या श्रोत्यांना त्या दोघांपैकी कोणालाही थेट मत देता येत नव्हते. जागा डग्लस यांच्याकडेच राहिली. लिंकन यांनी ती भाषणे १८६० मध्ये पुस्तकरूपाने आणली आणि त्यांचा खरा उपयोग तेव्हा झाला. वाचताना माणूस सावकाश विचार करतो, हे त्यामागचे कारण असावे असे मला वाटते, पण तो वेगळा विषय आहे.

दुसरे असे, की अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या, १९६० च्या केनेडी-निक्सन चर्चेची ती प्रसिद्ध गोष्ट, दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना केनेडी सरस वाटले आणि रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन, कोणी तरी येथे आणणारच म्हणून आधीच लिहून ठेवतो: तिचा आधार तोकड्या पाहणीचा आहे आणि अभ्यासकांत तिच्याबद्दल वाद आहे. चर्चांमुळे अटीतटीच्या अंतिम लढतीत मते फार थोडी हलतात, असेच बहुतेक संशोधन सांगते. ज्यांचे आधीच ठरलेले असते ते आपल्या माणसाला शाबासकी द्यायला बसतात. धागाकर्तीने चर्चेकडून जी अपेक्षा ठेवली, तीच मुळात जास्त होती.

नवमतदार (धागाकर्ती)

अपेक्षा जास्त होती हे मान्य करायला मला जड जाते आहे. ‘तुम्ही हे करणार का आणि कोणत्या पैशातून’ हे विचारणे ही जास्तीची अपेक्षा असेल, तर कमी अपेक्षा कोणती, हे मला खरोखरच समजत नाही. आणि ज्यांचे आधीच ठरलेले असते त्यांच्यासाठी चर्चा नसेलही, पण माझे ठरलेले नव्हते. माझ्यासारखे त्या सभागृहात आणखी काही जण नक्कीच असतील.

घंटावादक

अशा चार-पाच चर्चांत मी वेळ मोजण्याचे काम केले आहे. पंधरा सेकंद उरले की पिवळा कागद दाखवायचा आणि वेळ संपली की घंटा वाजवायची, एवढेच माझे काम. त्या खुर्चीवरून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते: संपूर्ण सभागृहात कोणी तरी एक माणूस वेळ मोजत असतो, पण उत्तर मोजणारा एकही नसतो. वक्ता विषय सोडून कितीही भरकटला तरी माझी घंटा गप्प असते. त्याने मुद्द्याचे वाक्य सुरू केले आणि वेळ संपली, तर मात्र मला ती वाजवावी लागते. एकदा एका बाईंनी संपूर्ण वेळ प्रास्ताविकात घालवून “तर माझी ठोस योजना अशी आहे की” येथे श्वास घेतला आणि घंटा झाली. त्या माझ्याकडे पाहून हसल्या. त्या हसण्यात नाराजी मुळीच नव्हती.

नियम कसे ठरतात, हेही सांगतो. चर्चेच्या आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींची बैठक होते. कोणी कोठे बसायचे, पहिले कोण बोलणार, टाळ्या चालतील का, यांवर तासन्‌तास खल होतो. उपप्रश्नाचा विषय निघाला, की ज्याची बाजू त्या वेळी भक्कम असते त्याचा प्रतिनिधी म्हणतो, मग आमचे येणे अवघड आहे. पुढे असलेल्याला अशा चर्चेतून मिळण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे पुष्कळ असते. तो आला नाही तर चर्चेलाच अर्थ उरत नाही, म्हणून आयोजक नमते घेतात. अमेरिकेत १९६० नंतर थेट १९७६ पर्यंत अध्यक्षपदाच्या अंतिम लढतीतील उमेदवारांची एकही चर्चा झाली नाही. मधल्या तीन निवडणुकांत, म्हणजे १९६४ मध्ये जॉन्सन यांना आणि १९६८ व १९७२ मध्ये निक्सन यांना, तिची गरजच वाटली नाही.

पुढे तेथे महिला मतदारांची जी संघटना या चर्चा भरवीत असे, तिने १९८८ मध्ये अंग काढून घेतले. दोन्ही उमेदवारांच्या प्रचारयंत्रणांनी आपापसांत करार करून संचालकांपासून श्रोत्यांपर्यंत सारे काही ठरवले होते आणि संघटनेने फक्त सही करायची होती. मतदारांच्या फसवणुकीत आम्ही सामील होणार नाही, असे त्या संघटनेने जाहीरपणे सांगितले. ब्रिटनमध्ये २०१० साली पक्षनेत्यांच्या पहिल्या चर्चा झाल्या तेव्हा मान्य केलेल्या नियमांची संख्या ७६ होती. तेव्हा ताई, आपल्या वाट्याला आलेले काही विशेष नाही.

सतरंजीउचल्या

नावावरून कळलेच असेल, की मी एका पक्षाचा जुना कार्यकर्ता आहे. पक्ष सांगत नाही, कारण त्याने येथे काही फरक पडत नाही.

आमच्या उमेदवारांची तयारी मी जवळून पाहिली आहे. बारा विषयांची बारा उत्तरे बसवलेली असतात आणि सराव फक्त एकाच गोष्टीचा होतो: प्रश्न कोणताही येवो, तिसऱ्या वाक्यापर्यंत त्या बारांपैकी जवळच्या एका उत्तरावर पोहोचायचे. ‘हा प्रश्न महत्त्वाचाच आहे, पण त्याहून मूलभूत प्रश्न असा की’ हे त्यासाठीचे पायपुसणे; त्यावर पाय पुसले की आपल्याच घरात शिरता येते. आपल्याला हे लबाडीचे वाटेल, आणि ते आहेच. पण दुसरी बाजूही ऐका. १९७६ च्या चर्चेत अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड एका उत्तरात म्हणून गेले, की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. पत्रकाराने नीट ऐकल्याची खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारले, तरी ते तेच बोलले. पुढचे कित्येक दिवस त्यांची यंत्रणा ते एक वाक्य सावरण्यात गुंतली होती, आणि निवडणूकही ते हरले. ते वाक्यामुळेच हरले असे मी म्हणणार नाही, परंतु प्रचाराच्या धंद्यातील सगळ्यांनी त्यातून एकच धडा घेतला: न बोलल्याने कोणी हरत नाही, बोलल्याने हरतो.

तुमच्या चौथ्या उमेदवारांची ती दहा सेकंदांची चित्रफीत आत्तापर्यंत किती ठिकाणी फिरली असेल, याचा विचार करा. पहिल्या उमेदवारांच्या शाळेच्या रस्त्याची चित्रफीत कोणीही काढणार नाही. मग पुढच्या वेळी चौथे उमेदवार काय करतील? त्यांचा एखादा सल्लागार त्यांना ‘सर्वंकष’ शिकवील.

पोटप्रश्न

मी वार्ताहर आहे आणि प्रश्न विचारण्याचा मला पगार मिळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

धागाकर्तीला टोलवाटोलवी पकडता आली याचे श्रेय तिच्या हुशारीला आहेच, पण त्याहून जास्त तिच्या वहीला आहे. टॉड रॉजर्स आणि मायकेल नॉर्टन या दोन संशोधकांनी २०११ साली या विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले. वक्त्याने विचारलेल्या प्रश्नाऐवजी त्याच्या शेजारच्याच एखाद्या प्रश्नाचे उत्तर सफाईने दिले, तर पुष्कळ श्रोत्यांच्या ते लक्षातच येत नाही. मूळ प्रश्न काय होता हेही त्यांना नीट आठवत नाही. उत्तर चालू असताना प्रश्न पडद्यावर लिहिलेला ठेवला, तर बगल दिल्याचे लोकांना अधिक वेळा कळते. आमच्या धंद्यात हे अनुभवाने माहीत होते, आता त्याला पुरावाही आहे. सभागृहातील इतर श्रोते भाबडे नव्हते, त्यांच्यासमोर तुझी वही नव्हती इतकेच. चर्चेच्या मंचामागे चालू प्रश्न मोठ्या अक्षरांत लावून ठेवण्याला कोणत्या उमेदवाराचा प्रतिनिधी उघडपणे विरोध करील, हे मला बघायचे आहे.

उपप्रश्नाबद्दल मात्र एक सावधगिरीची सूचना. उपप्रश्न विचारणारा संचालक हा स्वतःच एक अडचण ठरू शकतो. तो एकाला तीनदा टोकतो आणि दुसऱ्याला एकदाच, आणि मग दुसऱ्या दिवशी चर्चा उमेदवारांची न राहता संचालकांची होते. फ्रान्समध्ये १९७४ पासून, २००२ चा अपवाद वगळता, अध्यक्षपदाच्या अंतिम फेरीतील दोन उमेदवार समोरासमोर बसून बोलतात. तेथे एकूण बोललेला वेळ घड्याळावर समान ठेवला जातो, पण ते एकमेकांना थेट प्रश्न विचारू शकतात. उपप्रश्नाचे काम प्रतिस्पर्धीच करतो, कारण त्याच्याइतका गृहपाठ आणि त्याच्याइतका स्वार्थ दुसऱ्या कोणाचाही नसतो. दोघांत हे जमते. पाच जणांत त्याचा बाजार होईल, हेही खरे. अमेरिकेत २०२० च्या पहिल्या चर्चेत एकमेकांना इतके अडवले गेले, की पुढच्या चर्चेत प्रत्येक विषयावरील सुरुवातीच्या दोन मिनिटांसाठी दुसऱ्याचा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागला.

तुझ्या प्रश्नातही एक उणीव होती, रागावू नकोस. तू एका चिठ्ठीत तीन प्रश्न विचारलेस: किती, कोठून आणि कधी. तीन दारांच्या खोलीतून पळणे सोपे जाते. ‘दहाची फेरी सुरू करण्याच्या बाजूने तुम्ही मत द्याल का?’ एवढेच विचारले असतेस, तर पळणारा निदान पळताना दिसला असता.

जुनेजाणते

ध्वनिक्षेपकावरून आठवले. फोर्ड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी कार्टर यांची १९७६ मधील पहिली चर्चा फिलाडेल्फियात चालू असताना ध्वनियंत्रणा बिघडली आणि आवाज २७ मिनिटे बंद पडला. दोघेही आपापल्या मेजामागे, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, जवळजवळ न हलता उभे राहिले. दोन अनुभवी राजकारणी, शेजारी शेजारी, अर्धा तास, आणि बोलायला काही नाही! चर्चा म्हणजे संवाद ही आपली समजूत किती खोटी आहे, ते मला त्या प्रसंगाइतके दुसऱ्या कशानेही पटले नाही.

संशयात्मा यांची लिंकनविषयीची दुरुस्ती मला मान्य आहे.

वाटसरू

इतका विचार करण्यापेक्षा पक्ष बघून मत द्यावे. सगळे सारखेच असतात.

नवमतदार (धागाकर्ती)

वाटसरू, सगळे सारखे असतात असे मलाही त्या रात्री वाटले होते, पण वहीत ते तसे दिसत नाही. तिसऱ्या रकान्यातील सात खुणांपैकी चार एकाच उमेदवाराच्या आहेत, आणि ते चौथे उमेदवार नाहीत. त्या दुसऱ्या उमेदवार आहेत, ज्यांनी बसच्या प्रश्नावर यादी वाचली होती. सभागृहात त्या मला सर्वांत कंटाळवाण्या वाटल्या होत्या.

पोटप्रश्न यांची सूचना मान्य करून मी पाचही जणांना एकेका वाक्याचा प्रश्न लेखी पाठवला: दहा वाजताच्या फेरीच्या बाजूने तुम्ही मत द्याल का? चार दिवस झाले. दोघांकडून काहीच आले नाही. पहिल्यांच्या कार्यालयातून प्रचारपत्रक आले, त्यात शाळेच्या रस्त्याचे छायाचित्र आहे. दुसऱ्या उमेदवार दूरध्वनी करून पाच मिनिटे बोलल्या, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले, की त्यांनी हो किंवा नाही म्हटलेच नाही. प्रश्न समोर लिहून ठेवायला मी विसरले होते.

चौथ्यांचे उत्तर काल रात्री आले. ते दीड पानाचे आणि त्यांनी स्वतःच लिहिलेले असावे, कारण त्यात दोन ठिकाणी खाडाखोड आहे. चर्चेत विचारलेला खर्चाचा आकडा त्यांनी मिळवला आहे आणि तो कोणत्या खात्याकडून घेतला तेही लिहिले आहे. दहाच्या फेरीसाठी चालक-वाहकांची आणखी एक पाळी लावावी लागेल, तेवढ्याच पैशांत सकाळच्या गर्दीच्या वेळी दोन फेऱ्या वाढवता येतील आणि त्यांचा लाभ अधिक लोकांना होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून दहाच्या फेरीच्या बाजूने आपण मत देणार नाही, असे त्यांनी शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिले आहे.

हा हिशेब मला पटलेला नाही. सकाळी बस चुकली तर दुसरी मिळते. रात्री कामावरून सुटणाऱ्यांना नऊनंतर काहीच मिळत नाही, आणि त्यांत मी आहे.

संशयात्मा

म्हणजे उत्तर मिळाले, आणि ते तुमच्या विरोधात आहे. मग आता मत कोणाला?

नवमतदार (धागाकर्ती)

अजून तीन दिवस आहेत. त्यांना उलट पत्र लिहिले आहे, की रात्रीच्या प्रवाशांची संख्या त्यांनी कोठून घेतली, कारण नऊनंतर बसच नसल्यामुळे ते प्रवासी कोणत्याही मोजणीत येत नाहीत. या वेळी एकच प्रश्न विचारला आहे.